सुजेला बाळसं म्हणायचं का?

हवेतून उतरणाऱ्या नत्रामुळे, म्हणजे नायट्रोजनमुळे, जंगलाच्या मातीत जास्त कार्बन साठतो, हे विधान खोटं नाही. अमेरिकेत आणि चीनमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या प्रयोगांत ते दिसून आलं आहे. खरं आहे म्हणूनच त्याची धास्ती वाटते. हवामानबदलाच्या बाजारात आता कार्बनच्या टनाटनाला भाव आलाय, आणि भाव आला की जमेच्या बाजूला काय काय दाखवता येईल याचा शोध सुरू होतो. प्रदूषणाने जंगलाचं भलंच होतंय असं कुणी सांगितलं, तर ते ऐकायला गिऱ्हाइकांची वाण पडणार नाही. माझं म्हणणं असं, की हा जादा कार्बन जंगल सुदृढ झाल्याची खूण नाही. मातीतली कुजण्याची क्रिया अडखळल्यामुळे तो साचलेला आहे. ही सूज आहे. तिला बाळसं म्हणून हवामानाच्या हिशेबात जमा धरू नये. आणि जंगलावर किती नत्र पडू द्यायचं याची मर्यादा जंगल पाहून ठरवावी. आज ती माणसाची फुप्फुसं पाहून ठरते.

हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, मग त्याचं प्रदूषण कसलं, असं कुणीही विचारेल. हवेतला नायट्रोजन दोन अणूंच्या घट्ट जोडीत असतो आणि ती जोडी फोडणं झाडांच्या आवाक्यातलं नसतं. ती फोडायची विजेने, नाहीतर हरभरा-तुरीच्या मुळांवरच्या गाठींमधल्या जिवाणूंनी. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी प्रयोगशाळेत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला, १९१३ मध्ये कार्ल बॉश यांच्या देखरेखीखाली जर्मनीत ओपाऊ इथे कारखाना सुरू झाला, आणि पुढे काही दशकांत माणूस हे काम जमिनीवरच्या निसर्गापेक्षाही मोठ्या प्रमाणावर करू लागला. जगातली जवळपास निम्मी माणसं आज या खताच्या जोरावर जेवतात, त्यामुळे या शोधाला नावं ठेवण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण शेतात टाकलेल्या युरियातला बराच भाग अमोनिया होऊन उडतो, गोठ्यांतून आणि शेणामुतातूनही उडतो. इंजिनांतून आणि कोळशाच्या भट्ट्यांतून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात. हे सगळं कुठेतरी खाली येतंच. पावसाबरोबर येतं, धुळीबरोबर येतं, वायूच्या रूपात थेट पानांवर बसतं. जंगलाने खत मागितलेलं नसतं, तरी दरवर्षी ते पडत राहतं.

असं वर्षानुवर्षं पडत राहिलं तर काय होतं, हे पाहण्यासाठी जॉन एबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, पीटरशॅम गावच्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये एक प्रयोग लावला. जागा दोन होत्या: लाल पाइनची जुनी लागवड आणि ओक-मेपलचं मिश्र जंगल. दोन्हीकडे ३० मीटर लांब-रुंद तुकडे आखले. एका तुकड्याला काहीच नाही, एकाला हेक्टरी वर्षाला ५० किलो नत्र, एकाला १५० किलो. अमोनियम नायट्रेटच्या रूपात, मे ते ऑक्टोबर, दर महिन्याला एक हप्ता. १५० किलो हा आकडा तिथे हवेतून येणाऱ्या नत्राच्या कितीतरी पट आहे आणि टीकाकार त्यावर बोट ठेवतात ते योग्यच आहे. पण नत्राने जंगल ‘भरून’ गेलं की पुढे काय, हा मूळ प्रश्न होता, आणि त्यासाठी भरून दाखवणं भाग होतं.

पाइनच्या १५० किलोच्या तुकड्यातली निम्म्याहून अधिक झाडं दीड दशकात मेली. ओकच्या जंगलाने मात्र वेगळीच वाट धरली. तिथे झाडं वाढली, आणि मातीतला कार्बनही वाढला. वीस वर्षांच्या नोंदी एकत्र करून सेरिटा फ्राय आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जो शोधनिबंध लिहिला, त्याचं सार हेच होतं की मातीतला हा साठा पालापाचोळा जास्त पडल्यामुळे वाढलेला नाही, पडलेला पाचोळा नीट कुजेनासा झाल्यामुळे वाढलेला आहे. त्याआधी, २००४ मध्ये, याच तुकड्यांतल्या सूक्ष्मजीवांची मोजदाद झाली होती. खत न घातलेल्या तुकड्याच्या तुलनेत क्रियाशील बुरशीचं वजन ओकच्या जंगलात २७ ते ६१ टक्क्यांनी आणि पाइनमध्ये ४२ ते ६९ टक्क्यांनी घटलेलं होतं. जंगलाच्या जमिनीतली कामकरी मंडळीच गळाली होती. ही काही एका ठिकाणची लहर नव्हे. कॅथलीन ट्रेसिडर यांनी २००८ मध्ये ८२ ठिकाणच्या प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा नत्र घातल्यावर मातीतल्या सूक्ष्मजीवांचं एकूण वजन सरासरी १५ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

इथे आपल्याकडचा ऊस उत्पादक शेतकरी हात वर करेल, आणि त्याची शंका रास्त आहे. खोडव्यात पाचट जाळू नका, कुजवा, म्हणून कृषी खात्याने जी शिफारस केली त्यात टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू असं प्रमाण आहे. युरिया का? तर पाचटात कर्ब भरमसाट आणि नत्र नगण्य. जिवाणूंना शरीर बांधायला नत्र लागतं. ते वरून दिलं की कुजण्याला वेग येतो. कर्ब-नत्र गुणोत्तराचा हा धडा मराठी शेतकऱ्याला पाठ आहे. मग शेतात युरियाने कुजणं वाढतं आणि जंगलात त्याच नत्राने कमी होतं, हा काय प्रकार?

दोन्ही खरं आहे, कारण कुजणं ही एकच क्रिया नाही. पाचोळ्यात आधी संपतात त्या साखरा आणि सेल्युलोज. तो सोपा घास आहे, जिवाणूही खातात, बुरशीही खाते, आणि तिथे नत्र मिळालं तर सगळे हात वेगाने चालतात. पाचटाचा बहुतांश भाग याच जातीचा. पण जंगलाच्या जमिनीत काही काळाने जे उरतं ते लिग्निनने बांधलेलं असतं: पानांच्या शिरा, काटक्या, साली, मुळांचे कठीण भाग. लिग्निन तोडण्याचं काम प्रामुख्याने काही जातींच्या बुरशीच करू जाणतात. त्यासाठी त्यांना खास विकरं (एन्झाइम) तयार करावी लागतात आणि या खटाटोपातून ऊर्जा जवळपास काहीच मिळत नाही. मग त्या हा उद्योग करतात कशाला? लिग्निनच्या आड अडकलेलं सेल्युलोज आणि नत्र हाती लागावं म्हणून. १९७० च्या दशकातच प्रयोगशाळेत दिसलं होतं की लाकूड पांढरं करत कुजवणारी एक प्रसिद्ध बुरशी, फॅनेरोकीट, नत्राची उपासमार सुरू झाली की मगच लिग्निन तोडणारी विकरं सोडते. उपासमार संपवा, ती काम थांबवते. आकाशातून आयतं नत्र मिळू लागल्यावर अवघड घासाकडे कोण बघणार? सोपं तेवढं झपाट्याने संपतं आणि अवघड तसंच पडून राहतं. अमेरिकेत ओकच्या, मेपलच्या पानांवर केलेल्या प्रयोगांत हेच चित्र दिसलं: नत्र वाढवल्यावर सेल्युलोज फोडणारी विकरं वाढली आणि लिग्निन फोडणारी उतरली. साठलेला ‘जादा’ कार्बन म्हणजे मुख्यतः हा न उचललेला अवघड माल.

दुसरा भाग झाडांच्या मुळांशी राहणाऱ्या बुरशीचा आहे. ओक, पाइन, बर्च या झाडांच्या मुळांना बुरशीचं कोंदण असतं. झाड आपल्या साखरेतला मोठा वाटा तिला देतं आणि त्या बदल्यात बुरशी दूरदूरवर तंतू पसरून नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पाणी आणून देते. नत्र पावसातूनच मिळू लागलं की झाड हा खर्च आवरतं. बुरशीला जातो तो साखरेचा रतीब बंद. युरोपात १९८० च्या दशकात नेदरलँड्सच्या जंगलांतून भूछत्रांच्या कितीतरी जाती दिसेनाशा होऊ लागल्या, तेव्हा अभ्यासकांनी नत्र आणि आम्लतेकडे बोट दाखवलं. आज युरोपातले शास्त्रज्ञ या बुरशीसाठी जी सहनमर्यादा धरतात ती हेक्टरी वर्षाला ५ ते १० किलो नत्र इतकीच आहे. तुलनेसाठी सांगतो, महाराष्ट्रात आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. एका पिकाचं खत हे दुसऱ्या जीवसृष्टीसाठी ४० ते ८० पट जास्त ठरतं. म्हणजे शेतातल्या नत्राचा अगदी लहानसा अंश वाट चुकून जंगलात गेला तरी पुरे.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारा निष्कर्ष २०१७ चा आहे. हार्वर्ड फॉरेस्टमधल्या खत घातलेल्या आणि न घातलेल्या तुकड्यांतून एकाच जातीच्या बुरशी वेगळ्या काढल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि पाचोळ्यावर सोडल्या. दीर्घकाळ नत्रात राहिलेल्या बुरशी पाचोळा कुजवण्यात मागे पडल्या. जात तीच, पण अंगातली कसब गेलेली. याचा अर्थ असा की उद्या धुराडी बंद झाली आणि पाऊस स्वच्छ पडू लागला, तरी माती दुसऱ्या दिवशी पूर्ववत होईल असं गृहीत धरता येत नाही.

आता हिशेबाकडे. नत्राने जंगल कार्बन साठवतं असं म्हणणाऱ्यांचा सगळा डोलारा एका गुणोत्तरावर उभा आहे. लाकडात एक किलो नत्रामागे सुमारे ५०० किलो कार्बन असतो. मातीत मात्र एक किलो नत्रामागे साधारण ३०. म्हणजे पडलेलं नत्र खोडात गेलं तर घबाड, मातीत गेलं तर चिल्लर. १९९९ मध्ये नूट नॅडलहॉफर आणि सहकाऱ्यांनी युरोप-अमेरिकेतल्या नऊ जंगलांत खूण केलेलं, म्हणजे जड समस्थानिकाचं नत्र टाकून ते कुठे जातं याचा माग काढला. बहुतेक सगळं मातीत मुरलं होतं. लाकडापर्यंत फारच थोडं पोचलं. २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये फेदेरिको मान्यानी आणि सहकाऱ्यांचा लेख आला, त्यात समशीतोष्ण आणि उत्तरेकडच्या जंगलांत कार्बन मुरतो तो बहुतांशी नत्राच्या जोरावर, असा दावा होता. त्यावर लगेच आक्षेप आले, की हिशेबात धरलेलं नत्र अपुरं आहे आणि हवामानातला फरक बाजूला काढलेला नाही. नंतरचे अंदाज एक किलो नत्रामागे शंभर किलो कार्बनच्या आत येऊन थांबले. वाद आजही मिटलेला नाही, पण ५०० च्या स्वप्नावर आता कुणी गंभीर माणूस बोलत नाही.

आणि हा हिशेब फक्त कार्बन डायऑक्साइडचा झाला. जंगलाच्या मातीत मिथेन खाणारे जिवाणू असतात, हवेतला मिथेन ते सतत शोषत असतात. त्यांचं विकर अमोनियम आणि मिथेन यांत गफलत करतं; अमोनियम वाढला की मिथेनसाठी जागा राहत नाही. हार्वर्ड फॉरेस्टमध्येच १९८९ साली दिसलं की खत घातलेल्या मातीने मिथेन शोषण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं. शिवाय नत्राने भरलेल्या मातीतून नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या मापाने त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ किलोंइतकी उष्णता धरून ठेवतो. मातीत थोडा कार्बन साठला म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि त्याच मातीच्या या दोन बाजू पाहायच्या नाहीत, याला हिशेब म्हणत नाहीत.

विरोधी बाजू मात्र नीट ऐकायला हवी. स्वीडनमध्ये वनव्यवसायासाठी मुद्दाम नत्र घातलं जातं आणि त्यातून लाकूड वाढतं, यात शंका नाही. तिथली थंड, नत्राला भुकेली जंगलं वेगळी. माझ्यावर आक्षेप घेण्यासारखा दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे: हे सगळं पाश्चात्त्य, थंड प्रदेशातलं ज्ञान आहे, सह्याद्रीला आणि विदर्भाला ते जसंच्या तसं कसं लावणार? रास्त. सागाच्या मुळांशी राहणारी बुरशी ओकच्या बुरशीपेक्षा वेगळ्या जातीची असते आणि तिला लिग्निनशी देणंघेणं नसतं. ओकसारखं नातं आपल्याकडे मध्य भारतातल्या साल वृक्षाचं. शिवाय उष्ण प्रदेशातल्या जुन्या मातीत बहुधा तुटवडा नत्राचा नसतो, स्फुरदाचा असतो. पण म्हणून आपण सुटलो असं होत नाही. दक्षिण चीनमध्ये ग्वांगडोंगच्या दिंगहुशान राखीव जंगलात २००३ पासून नत्राचे प्रयोग चालू आहेत. तिथली माती आधीच आम्लधर्मी, जंगल आधीच नत्राने भरलेलं. तिथेही नत्रामुळे आम्लता आणखी वाढली, मातीचा श्वास मंदावला आणि मातीतला कार्बन वाढला. यंत्रणा थोडी वेगळी, सूज तीच. आणि कोकणातल्या, घाटमाथ्यावरच्या जांभ्या मातीतून पावसाने आधीच कॅल्शियम धुऊन नेलेलं आहे. आम्लता वाढली तर सावरून घेण्याची ताकद तिच्यात ओकच्या जंगलापेक्षा कमीच.

कॅल्शियमवरून थोडं विषयांतर. नेदरलँड्समध्ये आम्लधर्मी झालेल्या जंगलांत राहणाऱ्या रामगंगा पक्ष्यांची अंडी पातळ कवचाची निघू लागली, तेव्हा शोध घेता घेता अभ्यासक गोगलगायींपर्यंत पोचले. मातीत कॅल्शियम नाही, म्हणून गोगलगायी नाहीत, म्हणून पक्ष्याला कवचासाठी चुना नाही. मातीत काय चाललंय ते झाडावरच्या घरट्यात कळलं.

त्याच देशाने हा प्रश्न न्यायालयापर्यंत नेला. २०१५ पासून तिथे एक योजना होती: पुढे कधीतरी नत्र कमी करू, या भरवशावर नवे गोठे, नवे रस्ते, नव्या वसाहती यांना आजच परवाने द्यायचे. २९ मे २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हा उद्याची कमाई आज खर्चण्याचा प्रकार बेकायदा ठरवला. सुमारे १८,००० प्रकल्प अडकले. ऑक्टोबरमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगच्या रस्त्यांवर उतरले, पुढे राजकारणच ढवळून निघालं. आपल्याकडचे काहीजण हे उदाहरण ‘पर्यावरणवाद्यांनी देश ठप्प केला’ म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. तीस-चाळीस वर्षं प्रश्न ठाऊक असून तो पुढे ढकलला, आणि शेवटी बिल शेतकऱ्याच्या दारात नेऊन ठेवलं. त्यांच्याकडे निदान प्रत्येक संरक्षित अधिवासासाठी नत्राची सहनमर्यादा किलोंमध्ये लिहिलेली होती. म्हणून न्यायालयाला काही म्हणता तरी आलं.

आपल्याकडे काय लिहिलेलं आहे? २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानदंडांत अमोनियाची वार्षिक मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. युरोपात दगडफुलांसारख्या जीवांसाठी धरलेली घातक पातळी आहे १ मायक्रोग्रॅम, आणि इतर वनस्पतींसाठी ३. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल याच कुळातलं, म्हणून हा आकडा मराठी माणसाला परका वाटू नये. शंभर पटींचा हा फरक चुकून पडलेला नाही. आपली मर्यादा माणसाला त्रास होऊ नये म्हणून लिहिली आहे, आणि माणूस अमोनिया दगडफुलापेक्षा कितीतरी जास्त सोसतो. गंमत म्हणजे त्याच मानदंडांत नायट्रोजन डायऑक्साइडसाठी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांना वेगळी, कडक मर्यादा आहे: इतरत्र ४०, तिथे ३०. म्हणजे जंगलासाठी वेगळा नियम असावा हे तत्त्व सरकारने मान्य केलेलं आहे. अमोनियाच्या ओळीत ते लिहायचं राहिलं. आणि उपग्रहांच्या नोंदींत सिंधू-गंगेचं मैदान जगातल्या अमोनियाच्या सर्वांत मोठ्या ठिकाणांपैकी एक दिसतं, तिथे ही ओळ रिकामी राहणं परवडणारं नाही.

मर्यादा असूनही काय होतं ते औष्णिक वीज केंद्रांकडे पाहून कळतं. डिसेंबर २०१५ मध्ये २००४ ते २०१६ या काळात उभ्या राहिलेल्या संचांसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा धुराच्या घनमीटरला ३०० मिलिग्रॅम ठरली. नंतर ती सैल करून ४५० केली गेली. महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं सरकारी औष्णिक केंद्र, २९२० मेगावॅटचं, चंद्रपुरात आहे. त्याच्या शेजारीच ताडोबा. वाघांची गणना दर चार वर्षांनी होते, त्याची छायाचित्रं छापून येतात, ते चांगलंच आहे. पण त्या वाघाच्या पायाखालच्या मातीवर वर्षाला हेक्टरी किती किलो नत्र पडतं, हा आकडा व्याघ्र प्रकल्पाच्या कुठल्याही पाटीवर नाही. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली तेव्हा चंद्रपूर तिच्यात वरच्या क्रमांकांत होतं. त्या यादीत जंगलावर पडणारं नत्र मोजलं गेलं नव्हतं, हेही लक्षात ठेवावं.

पश्चिमेकडे गोष्ट उसाची आहे. हिवाळ्यात वारे देशावरून कोकणाकडे, म्हणजे पूर्वेकडून वाहतात. कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या पट्ट्यातून निघालेला अमोनिया थेट जवळपास उतरतो. त्याचे क्षार झाले की ते शेकडो किलोमीटर जातात. चांदोली, कोयना, राधानगरी ही जंगलं या पट्ट्याच्या अगदी काठावर आहेत. इथे कुणी लगेच शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करेल, म्हणून स्पष्ट सांगतो: ४५ किलोच्या युरियाच्या गोणीचा दर करांशिवाय २४२ रुपयांवर कित्येक वर्षं गोठवलेला आहे, आणि ५० किलोच्या डीएपीला १३५० रुपये मोजावे लागतात. १ एप्रिल २०१० पासून बाकी खतांना पोषणद्रव्यावर आधारित अनुदान लागू झालं, युरियाला वगळलं. अशा दरांत शेतकरी युरियाकडे झुकला तर ते शहाणपणच आहे, भाबडेपणा नव्हे. दोष दर ठरवणाऱ्यांचा. युरियावर कडुनिंबाचा लेप देणं, गोणी ५० वरून ४५ किलोंची करणं हे उपाय झाले, पण मूळ दराला हात लावायची तयारी कुठल्याच पक्षाची नाही. खत ठिबकमधून दिलं किंवा मातीआड केलं तर उडून जाणारा भाग बराच घटतो, हे साखर कारखान्याचा शेती अधिकारीही सांगेल. युरियावरच्या अनुदानातला काही हिस्सा तिकडे वळवला तर शेतकऱ्याचं काही जात नाही आणि राधानगरीचं काही वाचतं.

मग कार्बनच्या वहीचं काय? २०१५ मध्ये भारताने जगाला शब्द दिला की २०३० पर्यंत वनं आणि वृक्षांच्या आच्छादनातून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा कार्बन मुरवू. भारतीय वन सर्वेक्षणाच्या दर दोन वर्षांच्या अहवालात वनांतल्या कार्बनचा सर्वांत मोठा साठा मातीत दाखवलेला असतो, एकूण साठ्याच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे आपल्या शब्दाचा मोठा भार मातीवर आहे. त्या मातीत कार्बन वाढला असं उद्या दिसलं, तर तो कशामुळे वाढला हे विचारायची सोय या वहीत नाही. पाचोळा जास्त पडला म्हणून? जंगल सावरलं म्हणून? की बुरशी थकली म्हणून? तिन्हींचा आकडा सारखाच दिसेल. पहिल्या दोन गोष्टी टिकाऊ असू शकतात. तिसरीचं तसं नाही, कारण न कुजलेला माल म्हणजे झाडांना न मिळालेलं अन्नही आहे. त्याच्यातलं स्फुरद, कॅल्शियम, मॅग्नेशियम तसंच अडकून राहतं आणि पुढच्या पिढीच्या रोपांना त्याची उणीव भासते.

म्हणून मागणी फार मोठी नाही. मातीच्या कार्बनच्या आकड्याशेजारी त्याच नमुन्याचं कर्ब-नत्र गुणोत्तर आणि आम्लता छापावी. शेतकऱ्याच्या मृदा आरोग्य पत्रिकेत जे असतं त्याहून ते फार वेगळं नाही, आणि या नोंदीशिवाय वनमातीतला कुठलाही ‘वाढीव’ कार्बन हरित श्रेयांकांत (ग्रीन क्रेडिट) किंवा आंतरराष्ट्रीय हिशेबात धरू नये. अमोनियासाठी संवेदनशील क्षेत्रांची वेगळी ओळ मानदंडांत यावी. आणि जंगलात पडणारं नत्र मोजायला सुरुवात व्हावी. अमेरिकेत पावसाच्या रसायनाचं राष्ट्रीय जाळं १९७८ पासून चालू आहे. आपल्याकडे हवामान खात्याची मोजकी केंद्रं पावसाचं पाणी तपासतात आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावर हे काम केलेलं आहे, तेव्हा विद्या नवी नाही. फक्त भांडी जंगलात न्यायची आहेत. चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या पूर्वेला, पश्चिमेला आणि ताडोबाच्या गाभ्यात अशी काही ठिकाणं निवडावीत, प्रत्येक ठिकाणी एक भांडं मोकळ्यावर आणि एक सागाच्या झाडाखाली ठेवावं, म्हणजे पानांवरून धुऊन आलेलं नत्रही पकडीत येईल. भांडी गोळा करायला वनरक्षक आहेत, पाणी तपासायला गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. दोन पावसाळ्यांत पहिला आकडा हाती येईल, आणि तो ५ किलो निघतो की २०, यावर संचांची ४५० ची मर्यादा पुन्हा ३०० वर आणायची की नाही, हा वाद निदान आकड्यावर घालता येईल.